थरांच्या पोलादाचा कलमचाकू : घडवणे आणि पाणी देणे

प्रश्न असा आहे : अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून काम करणाऱ्या एका तरुणाला दिंडोरी तालुक्यातील वडिलांच्या द्राक्षबागेसाठी एक लहान दमास्कस चाकू स्वतः घडवायचा आहे. डॉगरिज खुंटावर पाचर कलम करण्यासाठी तो वापरला जाईल. पहिला चाकू त्याने ट्रकच्या कमानपाट्याचे तुकडे आणि साध्या लोखंडी पट्ट्या एकत्र जोडून केला. त्यावर नक्षी पुसट उमटली आणि धार दोन दिवसांत वळली. दुसऱ्या वेळी दोन प्रकारचे चांगले पोलाद मिळवले, नक्षी आणली, चुंबक चिकटेनासा होताच पाते पाण्यात बुडवले आणि ‘टिंग’ असा आवाज होऊन धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला. चूक कुठे झाली, आणि आता काम कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर

तुमच्या प्रश्नात नक्षीविषयी बरेच काही आहे आणि पाणी देण्याविषयी, म्हणजे तापलेले पाते झटकन थंड करून कडक करण्याविषयी, एकच वाक्य आहे. सातपूरच्या एका कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात मी बावीस वर्षे काढली आणि गेली काही वर्षे घरामागच्या शेडमध्ये चाकू घडवतो आहे, त्या अनुभवावरून मी हे प्रमाण उलटे करणार आहे. तुमचे दोन चाकू दोन वेगवेगळ्या ठिकाणी बिघडले. पहिला भट्टी पेटवण्याआधीच, म्हणजे सामान निवडतानाच बिघडला होता. दुसरा पाण्याच्या बादलीत बिघडला, पण त्याची तयारी त्याआधीच्या तासाभरात झाली होती.

पहिल्या चाकूपासून सुरुवात करू. कडक आणि मऊ असे दोन थर एकत्र आणले की कडक थर धार देतो आणि मऊ थर लवचीकपणा देतो, असे सर्रास सांगितले जाते. घडाईने जोडलेल्या बारीक थरांच्या पोलादात हे टिकत नाही. जोड घेताना आपण ज्या तापमानाला जातो, तेथे कार्बनचे अणू एका थरातून शेजारच्या थरात इतक्या वेगाने सरकतात की, थर मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके पातळ झाल्यावर काही मिनिटांतच दोन्हींतला कार्बन सारखा होतो. कमानपाट्यात साधारण 0.55 ते 0.6 टक्के कार्बन असतो आणि साध्या पट्टीत 0.15 ते 0.2 टक्के. दोन्ही समसमान घेतले तर हाती 0.38 टक्क्यांच्या आसपासचे पोलाद येते. ते पिनेला किंवा बोल्टला चालेल, पण कलमाच्या बारीक धारेला लागणारा कडकपणा त्यात कितीही चांगले पाणी दिले तरी येणार नाही. घट्ट वरणात पाणी ओतल्यावर ते सगळे सारखेच पातळ होते, तसाच हा प्रकार आहे.

मग नक्षी दिसते कशामुळे? ती निकेलमुळे दिसते. निकेलचा अणू कार्बनच्या तुलनेत जवळजवळ जागचा हलत नाही, त्यामुळे कार्बन सगळीकडे सारखा झाला तरी निकेलचे थर आपल्या जागी राहतात, आणि शेवटी आम्लात बुडवल्यावर ते चकचकीत राहतात व बाकीचे थर काळवंडतात. तुमच्या पहिल्या चाकूत दोन्हीकडे निकेल नव्हते, म्हणून नक्षी पुसट आली. आता पुन्हा प्रयत्न करताना 1084 आणि 15एन20 या दोन प्रतींच्या पोलादांची जोडी घ्यावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. 1084 मध्ये 0.80 ते 0.93 टक्के कार्बन असतो. 15एन20 मध्ये सुमारे 0.75 टक्के कार्बन आणि 2 टक्के निकेल. दोघांना लागणारे हार्डनिंगचे, म्हणजे कडक करण्यासाठी तापवण्याचे, तापमान जवळपास एकच आहे, दोन्ही तेलात कडक होतात, आणि नवख्याच्या हातून होणाऱ्या लहान चुका ती बरीचशी पोटात घालतात. 1095 या प्रतीच्या पोलादाला अधिक वेगवान, म्हणजे उष्णता लवकर ओढणारे, तेल लागते; त्याच्या नादी पहिल्या वर्षी लागू नये.

ही पोलादे चाचणी प्रमाणपत्रासह विकत घेणे सर्वांत बरे. लाकडाच्या वखारीत मिळणारी रुंद करवतीची जुनी पाती निकेलयुक्त असतात असे म्हणतात, आणि काही असतातही, पण सगळी नसतात. तपासण्याची सोपी रीत अशी की, त्या पात्याचा घासून स्वच्छ केलेला तुकडा आणि 1084 चा तुकडा एकाच वेळी फेरिक क्लोराईडच्या सौम्य द्रावणात पाच मिनिटे ठेवावा. करवतीचा तुकडा उजळ राहिला आणि दुसरा काळा पडला तर निकेल आहे. त्याच करवतीची एक बारीक पट्टी तापवून तेलात विझवावी आणि पकडीत धरून मोडावी. काचेसारखी मोडली तर कार्बनही पुरेसा आहे, वाकली तर ती परत वखारीत द्यावी. भंगारातला जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेला तुकडा मात्र भट्टीत कधीही घालू नये. त्याचा धूर घातक असतो.

‘दमास्कस’ या नावाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण नावामुळे अपेक्षा चुकतात. ज्या तलवारींनी हे नाव प्रसिद्ध केले, त्या थर जोडून केलेल्या नव्हत्या. त्या वूट्झ नावाच्या, मुशीत वितळवलेल्या दक्षिण भारतीय पोलादाच्या होत्या. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून ते पोलाद इराणपर्यंत जात असे. त्यात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे आणि पाण्याच्या लहरींसारखा दिसणारा जौहर हा पोलादाच्या पोटात रांगेने जमलेल्या कार्बाइडच्या कणांमुळे उमटे. या रांगा जमण्यात व्हॅनेडियमसारख्या अशुद्धींच्या अगदी अल्प अंशाचा वाटा असतो, हे धातुशास्त्रज्ञ व्हरहोवन आणि चाकू घडवणारे पेन्ड्रे यांनी 1998 मध्ये मांडले. आपण करतो ते थरांचे पोलाद. ते कमी दर्जाचे नाही, पण वेगळे आहे, आणि विकताना किंवा भेट देताना ‘प्राचीन पद्धतीचे’ असे म्हणू नये.

आता कामाकडे वळू. केवळ हाताच्या घणावर, पॉवर हॅमरशिवाय काम करायचे असेल तर ठोकळा लहान ठेवावा. 3 मिलिमीटर जाडीच्या 1084 च्या पाच पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एकाआड एक दीड मिलिमीटरच्या 15एन20 च्या चार पट्ट्या, प्रत्येकी 120 बाय 30 मिलिमीटर, अशी नऊ थरांची चळत 21 मिलिमीटर जाडीची आणि जवळपास 600 ग्रॅमची होते. तयार चाकूचे पाते शंभर ग्रॅमचेही नसते, पण प्रत्येक तापाला पोलादाची साल पोपड्यांच्या रूपाने गळते आणि टोके कापून टाकावी लागतात. सुरुवातीच्या वजनातला निम्मा भाग हातून गेला तर आश्चर्य मानू नये.

प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजूंवरचा काळा थर ग्राइंडरने पूर्ण काढावा, ॲसिटोनने पुसावे, आणि त्यानंतर त्या बाजूंना बोट लावू नये. चळत शिकंज्यात घट्ट आवळून चारही बाजूंच्या फटी इलेक्ट्रिक वेल्डिंगने बंद कराव्यात आणि मागे सळईचा दांडा जोडावा. फटी पूर्ण बंद केल्या तर आत हवा शिरत नाही आणि टाकणखाराची गरज फारशी उरत नाही. तरीही पुढे ठोकळा कापून एकावर एक रचताना, म्हणजे घड्यांच्या वेळी, तो लागतोच. टाकणखार आधी तव्यावर फुलवून, म्हणजे त्यातले पाणी उडवून, कुटून ठेवावा. कच्चा टाकला की तो फुगून खाली पडतो आणि भट्टीची जमीन खातो. वितळलेला टाकणखार भट्टीतील सिरॅमिक ब्लँकेटचे (उष्णता आत धरणारे) अस्तरही खातो, म्हणून तळाशी फायर ब्रिकचा एक सुटा तुकडा ठेवावा आणि तो खराब झाला की बदलावा.

गॅसच्या भट्टीला घरगुती शेगडीचा रेग्युलेटर पुरत नाही. हाय-प्रेशर रेग्युलेटर आणि 19 किलोचे व्यावसायिक सिलिंडर घ्यावे. शेड तीन बाजूंनी उघडी असावी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि गॅस जास्त ठेवून चालवलेल्या भट्टीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, ज्याला वास नसतो. पण गॅस जास्त ठेवावाच लागतो, कारण जोडासाठी भट्टीच्या आत मोकळा ऑक्सिजन नको असतो. भट्टीच्या तोंडाबाहेर मऊ, नारिंगी ज्वाळा दिसली की मिश्रण योग्य आहे. ज्वाळा निळी, आखूड आणि सुसाट असेल तर हवा जास्त आहे आणि आत पोलाद जळते आहे.

जोडाचे तापमान साधारण 1200 ते 1250 अंश सेल्सिअस. डोळ्याला ते उजळ पिवळे दिसते, आणि टाकणखार लावला असेल तर तो वितळलेल्या तुपासारखा पृष्ठभागावर थरथरत फिरतो. पोलादातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या तर कार्बन जळू लागला आहे, आणि तो भाग कापून टाकण्याशिवाय गत्यंतर नाही. माझे पहिले दोन ठोकळे असेच गेले. रंग आल्यानंतर लगेच बाहेर काढण्याची घाई करू नये. पृष्ठभाग तापला म्हणजे गाभा तापला असे नसते. एवढ्या जाडीला तो रंग आल्यावरही चार-पाच मिनिटे तसाच ठेवावा, उलटसुलट करावा, आणि मग ऐरणीवर आणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके, भराभर, एकमेकांवर थोडे चढणारे ठोके द्यावेत. पहिल्या फेरीत ठोकळा पातळ करायचा नसतो, फक्त थर एकमेकांना चिकटवायचे असतात. वितळलेला टाकणखार या वेळी बाजूंनी उडतो, म्हणून डोळ्यांवर गॉगल, पायात चामडी बूट आणि अंगात सुती कपडे असल्याशिवाय हा ठोका मारू नये. असे तीन ताप घेतल्यानंतरच ठोकळा लांबवायला घ्यावा, आणि जोड पक्का झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला कडेवर उभा करून ठोकू नये.

खात्री कशी करावी? ठोकळा भट्टीबाहेर धरून थंड होताना बाजूने पाहावा. जेथे जोड बसलेला नाही तेथे वरचा थर बाकीच्यांपेक्षा लवकर काळा पडतो, कारण खालची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अशी काळी जागा दिसली तर पुन्हा टाकणखार, पुन्हा पूर्ण ताप. त्याकडे डोळेझाक केली तर ती जागा पाणी देतानाच उघडते आणि आपण दोष तेलाला देतो.

घड्यांचा हिशेब बहुतेक जण चुकीचा करतात. नऊ थरांचा ठोकळा लांबवून त्याचे तीन तुकडे एकमेकांवर ठेवले तर सत्तावीस थर होतील असे वाटते, पण दोन्ही बाहेरचे थर 1084 चे असल्याने जोडावर 1084 वर 1084 येऊन एकच जाड थर होतो. म्हणून प्रत्यक्षात 25 थर मिळतात, आणि पुन्हा तीन घडी केली तर 73. लहान चाकूला 73 थर पुरेसे आहेत. चारशे-पाचशे थर केले की जवळून पाहिल्याशिवाय नक्षी कळत नाही, आणि प्रत्येक जादा घडीबरोबर बिघडलेल्या जोडाची शक्यता वाढते. नक्षी उमटते ती थर तिरके कापले गेल्यामुळे. अंजनेरीच्या कड्याकडे पावसाळ्यानंतर पाहिले तर लाव्हाचे आडवे थर उतारावर कसे वळणे घेत दिसतात, तेच येथे होते: घणाने ठोकळ्यावर पाडलेले खळगे नंतर घासून सपाट केले की त्या त्या जागी खालचे थर वलयांसारखे वर येतात. पहिल्यांदा एवढेच करावे. ठोकळा पिळून केलेली नक्षी सुंदर दिसते, पण पीळ देताना प्रत्येक कच्चा जोड उसवतो.

पाते घडवताना तापमान उतरवत न्यावे. शेवटचे ताप नारिंगीच्या वर जाऊ देऊ नयेत, आणि पाते काळसर लाल झाल्यावर ठोकणे थांबवावे. तुमच्या कामासाठी 75 मिलिमीटर लांबीचे, पाठीला अडीच मिलिमीटरचे पाते योग्य आहे. कलमचाकूची धार एका बाजूनेच लावलेली असते, दुसरी बाजू सपाट असते. पाचर गुळगुळीत आणि सरळ कापली जावी, खुंट आणि डोळकाडी (खुंटावर बसवायची काडी) यांच्या सालीखालचे थर एकमेकांवर नीट बसावेत, यासाठी ही रचना असते. पण हा एकतर्फी उतार पाणी देण्यापूर्वी घासू नये. एका बाजूने पातळ आणि दुसऱ्या बाजूने जाड असलेले पाते तेलात हमखास वाकते. दोन्ही बाजू सारख्या ठेवून, धारेच्या जागी सुमारे 0.8 मिलिमीटर जाडी राखून पाणी द्यावे आणि एकतर्फी उतार नंतर काढावा. ग्राइंडरचे ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने घासून घ्यावेत. धारेला काटकोनात राहिलेला खोल ओरखडा हा तड्याला दिलेला रस्ता असतो.

आता तुमचा दुसरा चाकू. प्रश्नात नॉर्मलायझिंगचा, म्हणजे पाते तापवून हवेत थंड करण्याचा, उल्लेख नाही, म्हणजे तुम्ही ते केले नसावे असे मी धरतो. जोडाच्या तापमानाला पोलादाचे कण मोठे होतात. मोडलेल्या तुकड्याचा छेद रव्यासारखा चमचमता दिसला तर कण मोठे आहेत, आणि मैद्यासारखा मऊ राखाडी दिसला तर बारीक. रव्यासारखे पोलाद कडक झाल्यावर ठिसूळ होते. ते सुधारण्यासाठी पाते तीन वेळा तापवून स्थिर हवेत, वाऱ्याच्या झोतात नव्हे, पूर्ण काळे होईपर्यंत थंड होऊ द्यावे: पहिल्यांदा सुमारे 870 अंश, दुसऱ्यांदा 840, तिसऱ्यांदा 800 च्या आसपास. याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, पैसा काहीच लागत नाही, आणि तरीही हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. या तापांमध्ये घडणीचा ताणही निघून जातो. पाते हवेत थंड होतानाच वाकले तर ते येथेच सरळ करून घेता येते.

पुढचा मुद्दा चुंबकाचा. 770 अंशांना लोखंड आपले चुंबकत्व सोडते, हा लोखंडाचा धर्म आहे. पोलादातील कार्बन सगळीकडे नीट विरघळण्याशी त्याचा थेट संबंध नाही. 1084 आणि 15एन20 यांना 815 अंशांपर्यंत न्यावे लागते आणि तेथे तीन-चार मिनिटे ठेवावे लागते. म्हणजे चुंबक सुटल्यावर अजून सुमारे 45 अंश चढायचे असतात, आणि ते डोळ्याने मोजणे अवघड आहे. शक्य असेल तर के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि डिजिटल दर्शक बसवावा. नसेल तर मिठाची युक्ती वापरता येते. खाण्याचे मीठ 801 अंशांना वितळते; पात्याच्या शेजारी ठेवलेल्या निरुपयोगी पट्टीवर चिमूटभर मीठ टाकले आणि ते वितळून काचेसारखे झाले की आपण जवळ आलो आहोत, तेथून थोडेसेच पुढे जायचे आहे. पात्यावर मात्र मीठ टाकू नये, ते गंज आणते. भट्टीत एक बाजू बंद केलेला जाड पाइप ठेवून पाते त्याच्या आत तापवले तर ज्वाळा थेट लागत नाही आणि टोक जळण्याचा धोका बराच कमी होतो. हे काम सूर्यास्तानंतर करावे. नाशिकच्या चैत्रातल्या उन्हात जो रंग मंद लाल वाटतो, तो अंधारात पाहिला तर उजळ नारिंगी असतो. अंधारात आणखी एक गोष्ट दिसते: पाते तापत असताना त्याच्या पोटातून गडद सावल्या सरकताना दिसतात, कारण आतल्या रचनेचे रूपांतर होताना पोलाद उष्णता गिळते. शेवटची सावली पाठीजवळच्या जाड भागातून नाहीशी झाली की रूपांतर पूर्ण झाले. मला स्वतःला चुंबकापेक्षा ही सावली अधिक विश्वासाची वाटते.

आणि मग बादली. आपल्या भाषेतल्या ‘पाणी देणे’ या शब्दांनीच अनेकांची पाती फोडली आहेत, असे मी अर्ध्या गमतीने म्हणतो. रस्त्याकडेला कोयते घडवणारे घिसाडी कारागीर पाणीच वापरतात आणि त्यांचे कोयते फुटत नाहीत हे खरे आहे. पण त्यांचे पोलाद बहुधा कमानपाट्याचे, कमी कार्बनचे असते, पाते जाड असते, आणि ते फक्त धारेची कड क्षणभर बुडवून बाहेर काढतात. मागच्या भागातली उष्णता धारेकडे परत येताना पोलादावर उतरणारा रंग पाहून ते दुसऱ्यांदा बुडवतात. म्हणजे हार्डनिंग आणि टेम्परिंग (कडक पाते हलके तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणे) दोन्ही एकाच दमात होते. तुम्ही ती कृती उचललीत आणि पोलाद मात्र वेगळे घेतलेत.

1084 ला 800 अंशांवरून साधारण 550 अंशांच्या खाली सुमारे एका सेकंदात आणावे लागते, नाहीतर ते मऊच राहते. एवढा वेग हवा. पण 220 अंशांच्या आसपास पोलाद कडक रूपात बदलू लागते आणि बदलताना फुगते, आणि तेथे वेग जितका कमी तितके बरे. पाणी वरच्या तापमानाला वेगवान असते आणि खालच्या तापमानालाही तितकेच वेगवान राहते. धार आधी कडक होऊन बसते, पाठ नंतर फुगू लागते, आणि त्या ओढाताणीचा निकाल तुम्ही कानाने ऐकला. तेल वर पुरेसे वेगवान असते आणि खाली आपोआप मंदावते. अडीच-तीन मिलिमीटरच्या या पात्याला साधे सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल पुरते. जळलेले इंजिन ऑइल वापरू नये, त्याचा धूर वाईट आणि गुणधर्म बेभरवशाचा. तेल चार-पाच लिटर असावे, दुधाच्या स्टीलच्या उंच किटलीत ठेवावे, आणि 50 ते 60 अंशांपर्यंत गरम करून घ्यावे. गरम तेल अधिक पातळ होऊन पात्याभोवती लवकर फिरते, म्हणून ते थंड तेलापेक्षा वेगाने उष्णता ओढते. हे ऐकायला उलटे वाटते, पण डिसेंबरात निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा न तापवलेल्या तेलात मऊ राहिलेली पाती मी स्वतः पाहिली आहेत. किटलीच्या तळाशी पाण्याचा थेंबही नसावा, झाकण हाताशी असावे आणि शेजारी वाळूची बादली असावी. तेल पेटते ते बहुधा पाते अर्धेच बुडवल्यामुळे.

पाते भट्टीतून तेलात जायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, म्हणून किटली आधीच जागेवर ठेवून थंड पात्याने दोन-तीन वेळा रंगीत तालीम करावी. टोक खाली करून सरळ आत घालावे, पुढे-मागे म्हणजे धार आणि पाठ यांच्या दिशेने हलवावे. सपाट बाजूंच्या दिशेने हलवले की पाते वाकते. दहा-बारा सेकंदांनी धूर कमी झाल्यावर बाहेर काढावे. या क्षणी पाते 200 अंशांच्या आसपास असते आणि पूर्ण कडक झालेले नसते. किंचित वाक आला असेल तर चामडी हातमोज्यात धरून किंवा दोन सपाट ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांत दाबून तो काही सेकंदांत काढता येतो. थंड झाल्यावर वाक काढण्याचा मोह झाला तर हात मागे घ्यावा, पाते काचेसारखे असते.

आता कानस लावून पाहायची. कडक झालेल्या पात्यावर ती काचेवरून घसरावी तशी घसरते. लागली तर निराश होण्यापूर्वी पृष्ठभाग जरा घासून पुन्हा लावावी. घडणीच्या तापांमुळे वरच्या पातळ सालीतला कार्बन जळून गेलेला असतो आणि ती साल मऊ राहते. खालचे पोलाद कडक असू शकते. हाताला सोसेल इतके थंड होताच पाते टेम्परिंगला घालावे, रात्रभर तसेच ठेवू नये. न टेम्पर केलेले पाते टेबलावर पडल्या पडल्या तडकल्याची उदाहरणे आमच्या विभागात होती. घरातील ओटीजी चालते, पण तिच्या बटणावरील आकड्यावर विश्वास ठेवू नये. ट्रेमध्ये बारीक वाळू भरून पाते तिच्यात पुरावे आणि थर्मोकपलचे टोक पात्याशेजारी ठेवावे. 200 ते 205 अंशांवर दोन तास, थंड होऊ द्यावे, पुन्हा दोन तास. यातून रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण 60 ते 61 कडकपणा मिळतो आणि कलमचाकूला तो योग्य आहे, कारण कोवळ्या-निब्बर काड्या कापण्यापलीकडे त्याला आघात सोसायचा नसतो. हाच चाकू स्वयंपाकघरासाठी असता तर मी 220 अंशांपर्यंत गेलो असतो. अंबड-सातपूरमध्ये हीट ट्रीटमेंटची जॉबवर्क करणारे आहेत. एखाद्याकडे रॉकवेल यंत्रावर दोन ठिकाणी ठोका घेऊन यावा, पण तो मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर घ्यावा.

उतार घासताना प्रत्येक फेरीनंतर पाते पाण्यात बुडवावे आणि हातमोजे घालू नयेत. बोटाला सोसत नाही तेवढे तापले म्हणजे थांबायचे, हाच येथे मापक. धारेवर निळा रंग दिसला तर तेथे 300 अंश होऊन गेले आहेत आणि ती कड घासून काढल्याशिवाय धार टिकणार नाही.

नक्षी उमटवण्यासाठी पाते 800 आणि मग 1200 नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासावे, साबणाने धुवावे आणि तेलकट बोट लावू नये. सर्किट बोर्डासाठी मिळणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या तयार द्रावणाच्या एका भागात तीन भाग पाणी मिसळून प्लॅस्टिकच्या भांड्यात पाते दहा मिनिटे उभे ठेवावे, काढून बारीक पेपरने वरवर पुसावे, आणि असे तीन-चार वेळा करावे. तीव्र द्रावण घाई करते आणि थरांच्या कडा कुरतडते. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारावे, स्वच्छ धुवावे, गरम हवेत वाळवावे आणि तेलाचा हात फिरवावा. दोन्ही पोलादे गंजणारी आहेत. बागेत वापरून झाल्यावर काडीचा चीक पात्यावर वाळू देऊ नये, आणि पावसाळ्यात चाकू चामडी म्यानात ठेवून विसरू नये, चामडे ओल धरते.

आम्लाने धारही खाल्लेली असते, म्हणून शेवटची धार त्यानंतरच लावावी. सपाट बाजू निसण्यावर पूर्ण टेकवून, उताराची बाजू आपल्या कोनात, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात. मग ऑक्टोबर छाटणीतून पडलेली पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी घेऊन तिची पाचर एका ओढीत कापावी आणि काप उजेडात धरावा. तो ओला, चकचकीत आणि रेषा नसलेला दिसला तर चाकू वडिलांच्या हाती द्यावा. कापावर समांतर रेषा दिसल्या तर धारेत अजून बारीक दाते आहेत, पुन्हा निसण्यावर न्यावा.